बुटातली किल्ली

बूट झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, ही तंबूत झोपणाऱ्याची पहिली शिस्त. मला ती एका विंचवाने शिकवली, आणि तोही माझ्या नाही, सोबत्याच्या बुटातून निघाला होता. तेव्हापासून सकाळी डोळे पुरते उघडायच्या आत माझा हात तंबूच्या दाराबाहेर जातो, बूट उलटा होतो, टाचेवर दोन थापा बसतात. त्या सकाळीही तसंच झालं. डाव्या बुटातून थोडी वाळू पडली. उजव्यातून किल्ली पडली. नदीकाठच्या गोट्यांवर टण् असा बारीकसा आवाज झाला आणि माझी झोप खाडकन उडाली. रात्री मोटरसायकल ज्या साखळीने झाडाला बांधतो, तिच्या कुलपाची किल्ली होती ती. अंधारात हाताला लागावी म्हणून तिला मी लाल नायलॉनच्या दोरीचा गोफ बांधलाय, त्यामुळे ओळखण्यात चूक व्हायला वाव नव्हता.

माझ्या किल्ल्यांची जागा ठरलेली असते. जाकिटाचा आतला खिसा, चेन ओढून. आणि ते जाकीट गुंडाळून डोक्याखाली. पस्तीसेक रात्री झाल्या होत्या प्रवासाला, त्यात हा क्रम मी एकदाही मोडला नव्हता. डोक्याखालचं जाकीट चाचपलं. गाडीची किल्ली होती, डिस्क लॉकची, म्हणजे ब्रेकच्या चकतीला लावायच्या छोट्या कुलपाची, होती. साखळीची नव्हती, कारण ती माझ्यासमोर गोट्यांत पडली होती.

बुटात ती मी ठेवलेली नव्हती.

गाडी जागेवर होती, हे आधीच सांगून टाकतो, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. झाडाच्या बुंध्याशी, जशी लावली होती तशीच, राखाडी कव्हराखाली. कव्हरावर दव इतकं दाटलं होतं की बोटाने नाव काढता आलं असतं. फक्त मागच्या बाजूला, जिथे कव्हराच्या कडेखालून साखळी बाहेर येते आणि कुलूप लोंबतं, तिथे दव पुसलेलं होतं. तळहाताएवढी जागा, जरा लांबट. कुलूप बंद होतं. मी ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. मग तिथेच उकिडवा बसून राहिलो आणि आदल्या रात्रीचा हिशोब मांडायला लागलो.

दिवसभर पाऊस लागला होता. नऊ तास गाडीवर बसल्यावर माणूस उतरतो तेव्हा त्याच्या बोटांचा आकार हँडलच्या मुठीसारखा झालेला असतो, त्या बोटांनी आधी तंबू, मग बॅगा, मग गाडी. हँडल लॉक केलं. पुढच्या चाकाला डिस्क लॉक लावलं. साखळी फ्रेममधून ओवून झाडाला घेतली, कुलूप दाबलं, किल्ली फिरवली. कव्हर घातलं. इथपर्यंत सगळं स्वच्छ आठवतं. किल्ली उपसून काढल्याचं मात्र आठवत नाही. म्हणजे ती कुलपातच राहिली, लाल गोफासकट, रात्रभर, जणू कोणी पाहुण्यांसाठी दिवा लावून ठेवावा. आणि रात्री कधीतरी कोणीतरी आलं, ती काढली, वीस-बावीस पावलं चालून माझ्या तंबूपाशी आलं, आणि माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर ठेवलेल्या बुटात टाकून निघून गेलं.

मी झोपलेला होतो.

या साखळीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण अख्ख्या प्रवासात तिच्याइतकं माझं डोकं कोणी खाल्लं नाही. कडी सोळा मिलिमीटर जाड, काठ षटकोनी, वर काळं कापड. लांबी दीड मीटर. वजन आठ किलोंच्या आसपास. तंबू, स्लीपिंग बॅग आणि खाली अंथरायची चटई तिन्ही मिळून तिच्यापेक्षा हलकी. निघण्याच्या आधी आठवडाभर मी एकेक ग्रॅमवर भांडत होतो, टूथब्रशचा दांडा कापावा का असा विचार करणाऱ्यांतला मी, आणि दुसरीकडे आठ किलो लोखंड घेऊन निघालो होतो जे दिवसभर काहीच करत नाही. वर बांधलं तर वळणावर गाडी डोलते, म्हणून ते खाली, इंजिनाजवळ, उजव्या बॅगेच्या तळाशी. मग डावीकडे तोल साधायला पाण्याचा कॅन. रोज सकाळी ती ओली, चिखलाने भरलेली साखळी गुंडाळून आत कोंबताना मनात यायचं, की हे माझं ओझं नाहीच. कुठल्यातरी न भेटलेल्या चोराचं सामान मी गावोगाव वाहून नेतोय.

बाबांची सायकल होती, तिला मागच्या चाकाला घोड्याच्या नालेसारखं कुलूप. खटका दाबला की दांडी आऱ्यांमधून पलीकडे जायची. ते लावून झाल्यावर बाबा सायकल मागून उचलून एकदा पुढे ढकलायचे, चाक अडतंय ना ते बघायला, आणि मग चार पावलं जाऊन परत येऊन पुन्हा एकदा. आम्ही हसायचो. “अरे, लावलं म्हणजे लागलं असं नसतं,” एवढंच म्हणायचे. ती सायकल कधीच चोरीला गेली नाही. ती इतकी जुनी होती की नेणाऱ्यालाच दुरुस्तीचा ताप झाला असता, हे मला मोठेपणी कळलं. पण कुलूप ओढून बघायची खोड मात्र माझ्यात शिल्लक राहिली. मी तीनदा ओढतो. आणि त्या रात्री तीनदा ओढून, नीट लागलंय अशी खात्री करून, किल्ली तिथेच ठेवून झोपायला गेलो. बाबा असते तर हसले नसते, गप्प बसले असते, आणि ते जास्त लागलं असतं.

कुलूप म्हणजे विकत घेतलेला वेळ, हे आता मी पुरतं समजून चुकलोय. लंडनमध्ये जोसेफ ब्रामा नावाच्या कुलूपवाल्याने आपल्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप ठेवलं होतं. उघडून दाखवणाऱ्याला दोनशे गिनी. साठ वर्षांहून जास्त काळ ते कोणाला उघडलं नाही. १८५१च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी अल्फ्रेड हॉब्ज नावाचा अमेरिकन कुलूपकार तिथे आला, सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास त्या कुलपाशी बसला आणि त्याने ते उघडलं. मला या गोष्टीत कुलूप हरल्याचं वाईट वाटत नाही. एक्कावन्न तास! माझ्या साखळीला हवा तेवढा मान द्या, पण लोखंड कापायचा, बॅटरीवर चालणारा ग्राइंडर घेऊन कोणी बसला तर तिचा हिशोब मिनिटांत आहे, आणि तीही एका हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच. २००४ साली तर गोल नळीसारख्या किल्लीची महागडी कुलपं प्लॅस्टिकच्या बॉलपेनच्या नळीने उघडतात हे कोणीतरी जगाला दाखवलं, आणि कितीतरी लोकांची झोप उडाली. हल्ली ग्राइंडरची चकतीच झिजवणारी कुलपं निघाली आहेत. त्यांच्याबद्दल मी वाचतो, फोटो मोठे करून बघतो, आणि वजनाच्या रकान्यापाशी येऊन थांबतो.

ब्रिटनमध्ये १९९२ साली सुरू झालेली ‘सोल्ड सिक्युअर’ नावाची संस्था कुलपांची परीक्षा घेते, नेदरलँड्समध्ये ‘एआरटी’ या संस्थेचे तारे मिळतात. कोणती हत्यारं घेऊन, किती वेळ झटलं की कुलूप मान टाकतं, यावर तो दर्जा ठरतो. शहाणी पद्धत आहे. पण त्या मिनिटांमागे एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, जी मला पहिल्यांदा अशाच एका नदीकाठी, रात्री दोनच्या सुमारास, पाठीखाली एक खडा टोचत असताना लक्षात आली. पाच मिनिटं कुलूप टिकलं तर काय होणार? कोणीतरी येणार. खिडकी उघडणार, कुत्रं भुंकणार, ग्राइंडरचा आवाज ऐकून माणूस गॅलरीत येणार. कुलूप वेळ काढतं ते त्या येणाऱ्या माणसासाठी. नदीकाठी, जिथे शेवटचा दिवा मागे कुठेतरी डोंगराआड गेलेला आहे, तिथे कोण येणार? पाच मिनिटं काय, पाच तास जरी टिकलं तरी ते तास चोराचेच. येणारा एकटा मीच, अंतर्वस्त्रांत, हातात टॉर्च घेऊन.

अर्थात, हेही खरं की अशा ठिकाणी चोर येतोच कशाला. दोनशे किलोची गाडी चार माणसं उचलून टेम्पोत घालतात ती रस्त्याकडेला लावलेली असते म्हणून. ओल्या गवतातून, गोट्यांतून, ओढ्यातून ती उचलून न्यायला त्यांना माझ्यापेक्षा जास्त हौस असायला हवी. गाड्या जातात त्या माणसांच्या गर्दीत. लॉजच्या मागच्या अंगणातून, पेट्रोल भरायला थांबलेल्या पाच मिनिटांत, आणि जिथून पायवाट सुरू होते त्या मोकळ्या पटांगणातून, जिथे चढायला गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत परत येणार नाही हे धुळीत उभी असलेली गाडीच ओरडून सांगत असते. म्हणजे मी रानात रात्रभर जागायचो ती भीती चुकीच्या जागी बसलेली होती. भीतीला एवढा भूगोल कुठे कळतो! तिला अंधार दिसला की पुरे.

त्या भीतीपोटी मी काय काय केलं, ते लिहायला आज जरा लाज वाटते. सुरुवातीला अलार्मवालं डिस्क लॉक होतं. हलवलं की एकशे दहा डेसिबल. चौथ्या रात्री वारा सुटला, कव्हर शिडासारखं फुगलं, गाडी साइड स्टँडवर जरा डुलली, आणि त्या लॉकने असा टाहो फोडला की आजूबाजूच्या तिन्ही तंबूंतले दिवे लागले. मी धावलो, किल्ली सापडेना, सापडली तर लॉकचं तोंड सापडेना. पाच मिनिटांनी शांत झालं. एका तंबूतून कोणीतरी अगदी सावकाश आवाजात “झालं?” असं विचारलं. त्या रात्रीत ते अजून दोनदा वाजलं. मग मी त्यातले सेल काढून ठेवले. पण त्या पहिल्या वेळीही तीन तंबूंमधून एकही माणूस बाहेर आला नव्हता, हे मी तेव्हाच नोंदलं होतं. अलार्म वाजला की माणूस चोराच्या मागे लागत नाही. वाजवणाऱ्याला शिव्या देतो आणि उशी कानावर घेतो.

मग दोऱ्याचा प्रयोग. मासेमारीचा बारीक दोरा गाडीच्या फूटपेगपासून, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीपासून, तंबूच्या आत, आणि टोकाला पत्र्याचा वाडगा, त्यात चार खडे. गाडी हलली की वाडगा पडणार. कल्पना जुनी आणि छान. पहाटे लघवीला उठलो आणि त्या दोऱ्यात मीच अडकून आडवा झालो; गुडघा फुटला, तंबूचे दोन तणावे उपटले, आणि वाडगा मात्र पडलाच नाही. डिस्क लॉकची कथा याहून वाईट. हँडलपासून लॉकपर्यंत एक पिवळी वेटोळी वायर लावायची असते, ‘लॉक काढ’ अशी आठवण म्हणून. एका सकाळी ती लावलेली नव्हती. गिअर टाकला, क्लच सोडला, चाक अर्धा फेरा फिरलं आणि लॉक ब्रेकच्या कॅलिपरवर जाऊन आदळलं. सामानासकट गाडी आडवी, मी तिच्या बाजूला. चोराने माझ्या गाडीचं कधी काही नुकसान केलेलं नाही. जे काही ओरखडे आहेत ते सगळे सुरक्षेचे आहेत.

ट्रॅकरही आहे, सीटखाली, फोमात खोबण करून दडवलेला. वीस हजार किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह त्याला तो कुठे आहे ते चोख सांगतात. पण तेच पुढे मला कळवायला त्याला मोबाइलची रेंज लागते, आणि ज्या जागा मला राहायला आवडतात तिथे नेमकी ती नसते. तेव्हा तो बिचारा रात्रभर स्वतःशीच जाणून असतो की आपण कुठे आहोत, आणि ते सांगायला त्याला कोणी नसतं. शिवाय गाडीच्या बॅटरीचा थोडा थोडा घोट घेत राहतो. चार दिवस एका जागी मुक्काम झाला की पाचव्या दिवशी स्टार्टर नुसता कण्हतो. ते बटणाएवढे ट्रॅकर मिळतात ते आसपासच्या अनोळखी लोकांच्या फोनवर विसंबतात, आणि अनोळखी ट्रॅकर बरोबर फिरतोय असं दिसलं की फोन आपल्या मालकाला तसं सांगतो. कोणाचा चोरून पाठलाग होऊ नये म्हणून केलेली ती सोय आहे आणि ती असायलाच हवी. पण चोराच्याही खिशात फोन असतो.

या सगळ्यात मला खरोखर पटलेल्या गोष्टी दोनच, आणि दोन्हींना वजन नाही. एक म्हणजे कव्हर. साधं, राखाडी, ठिगळ लावलेलं. झाकलेली गाडी कोणती आहे हे बघायला कव्हर उचलावं लागतं, आणि तेवढ्यानेही अर्ध्या लोकांची उत्सुकता संपते. दुसरी, काहीतरी काढून खिशात टाकणं. माझ्या पहिल्या गाडीला कार्बोरेटर होता. पेट्रोलचा कॉक बंद केला की कोणी नेली तरी कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपेपर्यंतच जाणार, थोड्याच अंतरावर धापा टाकत थांबणार. प्लगची कॅप सैल करून ठेवली तर तेवढंही नाही. आताच्या गाडीत मी मुख्य फ्यूज काढून घेतो. १९४० साली शत्रू किनाऱ्यावर उतरेल या धास्तीने ब्रिटनमध्ये मोटारी सोडून जाताना त्यांच्या इग्निशनमधला, ठिणगी वाटणारा रोटर काढून न्यायची सक्ती होती म्हणे. एवढ्या मोठ्या युद्धातली ती युक्ती माझ्या शर्टाच्या खिशात नखाएवढ्या फ्यूजच्या रूपाने खुळखुळते, याची मला उगाचच गंमत वाटते. पण उचलूनच नेणाऱ्याला फ्यूजचं काय.

एल्स्पेथ बिअर्ड नावाची ब्रिटिश बाई १९८२ ते १९८४ अशी जगभर मोटरसायकलवर फिरली, बीएमडब्ल्यूच्या जुन्या आर ६०/६ वर. मी निघण्याआधी तिच्याबद्दल बरंच वाचत होतो, कारण मला हवा तो धीर तिच्यात भरपूर होता. सिंगापूरमध्ये तिची चोरी झाली. गाडी गेली नाही, कागद गेले. पासपोर्ट, व्हिसा, गाडीचे कागद. सगळं पुन्हा उभं करायला तिचे कितीतरी आठवडे तिथेच गेले. हे वाचल्यावर मी माझ्या गाडीचा चेसिस नंबर पाठ करून टाकला. सतरा अक्षरं-आकडे असतात त्यात, आणि आय, ओ, क्यू ही तीन इंग्रजी अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी गोंधळतात. हँडलखाली फ्रेमच्या नळीवर टॉर्च तिरका धरला की ते ठोकलेले आकडे दिसतात, कडेने जरा गंजलेले. मी ते वहीत लिहिलेत, बेल्टच्या आतल्या बाजूला लिहिलेत, आणि बायकोच्या फोनमध्ये आहेत. झोप येत नाही तेव्हा ते मनात म्हणतो. मेंढ्या मोजण्यापेक्षा बरं.

तर त्या सकाळी, रेंज असलेल्या टेकाडावर चढून, मी बायकोला फोन केला. सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“अरे, तूच टाकली असशील बुटात,” ती म्हणाली. “चष्मा फ्रिजमध्ये ठेवणारा माणूस तू.”

“अगं, दव पुसलेलं होतं.”

“मग रात्री उठला असशील, किल्ली काढली असशील, आणि झोपेत टाकली असशील. दमल्यावर तू काय करतोस ते तुला माहीत नसतं, मला असतं.” मग जरा थांबून, “आणि कोणी ठेवली असेल तर बरंच आहे की. तुझा आवाज का असा येतोय?”

आवाज का तसा येतोय ते मलाही सांगता येईना. तिचं म्हणणं शक्य होतं. मी रात्री एकदा उठलो होतो. पण तंबूच्या दुसऱ्या बाजूने गेलो होतो, आणि अनवाणी. तळव्यांना चिकटलेली वाळू स्लीपिंग बॅगेत सापडली, ती नदीकडची होती, बारीक, करडी. गाडीकडची माती तांबूस. आपण स्वतःच्याच पायांचे ठसे पोलिसासारखे तपासतोय हे लक्षात आलं तेव्हा मी ते थांबवलं.

आणि मग ते सायकलवाले आठवले. संध्याकाळी मी पोचलो तेव्हा पलीकडच्या झाडांखाली एक हिरवा बुटका तंबू होता, आणि दोन सायकली एकमेकींना पाठ टेकून उभ्या, त्यांच्यावर वाळत टाकलेले कपडे. एक पुरुष, एक बाई, दोघंही साठीच्या पुढचे, उन्हाने रापलेले. पुरुषाने हात वर केला. मीही केला. गाडी मी आधी त्यांच्या जवळच्या झाडापाशी लावली होती, तिथे जमीन सपाट होती. मग इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं, आणि दिसलं की तो माणूस गाडीकडे बघतोय. बराच वेळ, पुढून मागपर्यंत, थांबून थांबून. मी सामान उतरवायच्या आधी गाडी पुन्हा चालू केली आणि उगाचच मान डोलावत, जणू तंबूला ती जागा जास्त बरी म्हणून, ती लांबच्या झाडाखाली नेली. तिथली जमीन उतरती होती. रात्रभर मी त्या उतारावरून घरंगळत तंबूच्या एका कोपऱ्यात जमा होत राहिलो.

सकाळी ते दोघं नव्हते. सायकलवाले उन्हाच्या आधी निघतात. त्यांच्या तंबूखालचं गवत चौकोनात दबलेलं होतं, फिकट, आणि खुंट्यांची भोकं मातीने नीट बुजवलेली होती. असं कोणी करत नाही. मी करत नाही. मी त्या चौकोनात थोडा वेळ उभा राहिलो. तिथून माझी गाडी दिसत होती. आणि कव्हर सरळ केलेलं नसतं, त्याची कड वर राहिली असती आणि टॉर्चचा झोत पडला असता, तर लाल गोफही दिसला असता. मी कव्हर नीट लावलं होतं की नाही, ते आता आठवत नाही.

त्यांनीच ठेवली असेल तर आभार मानायचे राहिले, हे एक. पण त्याच्या बरोबरीने आणखी एक विचार येतो आणि तो तितकासा सभ्य नाही. कोणीतरी माझ्या इतक्या जवळ आलं होतं. बूट माझ्या डोक्याशी होते. मधे पातळ नायलॉनचं कापड. त्या माणसाने वाकून, गोट्यांवर आवाज न करता, किल्ली बुटात सोडली, गोफ आत जाईल इतकी आत, आणि मी घोरत असेन तर ते ऐकलं. साखळी, डिस्क लॉक, फ्यूज, ट्रॅकर, कव्हर, पस्तीस रात्रींची निम्मी झोप, हे सगळं ज्या माणसाला अडवण्यासाठी होतं तो माणूस अगदी असाच आला असता. याच वाटेने, याच चपळाईने. आला तो दुसराच कोणी निघाला, एवढाच काय तो फरक. टेकाडावरून उतरताना मला बरं वाटत होतं आणि मानेवरचे केस उभे होते, दोन्ही एकाच वेळी.

पुढे तीन दिवसांनी गाडी सोडून डोंगरावर जायचं होतं. वाट सुरू होते त्या पटांगणात एक बाई चटईवर बसून काहीतरी निवडत होती. याआधी मी अशा ठिकाणी कोणाला काही विचारत नसे. विचारलं म्हणजे गाडी दिवसभर बेवारस आहे हे आपणच सांगितल्यासारखं होतं, असा माझा युक्तिवाद. साखळी लावली. तीनदा ओढली. किल्ली काढली, ती हातात घेऊन डोळ्यांनी बघितली, खिशात टाकली. मग तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, संध्याकाळी येईन, जरा लक्ष असू द्या. तिने गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि पुन्हा निवडायला लागली. हो म्हणाली की ‘कोण हा बडबड्या’ असं म्हणाली, ते कळलं नाही. पहिल्या वळणावर मी मागे वळून पाहिलं. दुसऱ्या वळणावरही पाहिलं. तिसऱ्यानंतर पटांगण दिसेनासं झालं आणि चढ असा लागला की गाडीचा विचार करायला दम उरला नाही.

संध्याकाळी परतलो तर ती बाई नव्हती. गाडी होती. चटई घडी करून गाडीच्या सीटवर ठेवलेली, वर दगड. म्हणजे ती परत येणार होती, आणि तोवर माझी गाडी तिची चटई राखत होती. निघायची घाई होती तरी मी तिथे पाऊण तास बसून राहिलो. ती आली, दगड बाजूला टाकला, चटई काखेत मारली, काही न बोलता गेली.

किल्ल्या आता गळ्यात असतात, झोपेतही. गोफाचा वळ उठतो मानेवर. बूट मात्र अजून तंबूबाहेरच, डोक्याशी, तोंडं वर करून. बायको म्हणते आत घेत जा. सकाळी ते झटकताना डावा लवकर होतो. उजवा मी जरा सावकाश उलटा करतो.